शंका-समाधान : आजोबांची बंदूक किती जुनी?

दसरा झाला की या सदराकडे बंदुकांची पत्रे येऊ लागतात. खंडेनवमीला माडीवरची, अडगळीतली शस्त्रे खाली उतरतात, पूजा होते, फोटो निघतात आणि कुणाला तरी तिचे वय विचारावेसे वाटते. यंदाच्या पत्रांतली तीन निवडली आहेत. पण सगळ्यात आधी विचारायची शंका तिघांपैकी कुणीच विचारलेली नाही : बंदूक भरलेली तर नाही ना?

ठासणीची बंदूक तोंडाने भरतात. भरून ठेवलेली बाहेरून ओळखू येत नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. एका वाड्यात मी नळीत गज सोडला तो चार बोटे अलीकडेच थांबला. आत चिंधी, छर्रे आणि दारू, सगळे जागच्या जागी. त्या घरातली दोन पिढ्यांची पोरे त्याच बंदुकीने चोर-पोलीस खेळली होती. तेव्हा तोंडासमोर उभे न राहता लाकडी काठी नळीच्या तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा आणि मग तीच काठी नळीला बाहेरून लावून पाहा. टोक कानापर्यंत, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरू नका, परवानाधारक बंदूक-कारागिराला बोलवा.

शंका : आमच्या घराण्यात एक लांब नळीची बंदूक आहे. नळीवर देवनागरीत १८५७ असे कोरले आहे. आमचे पूर्वज तात्या टोपे यांच्या फौजेत होते असे आजोबा सांगत. ही बंदूक उठावातली समजावी का? (इंदूर)

समाधान : तुम्ही पाठवलेला फोटो भिंगाखाली पाहिला. आकड्याआधी एक अक्षर आहे, हळद-कुंकवाच्या थराखाली दबलेले. ते ‘सं’ आहे. सं म्हणजे संवत. माळव्यात विक्रम संवत चालतो, त्यातून सत्तावन्न वजा करा : उरतात १८००. चैत्र ते फाल्गुन धरले तर वर्षाचा शेवट १८०१ मध्ये जाईल, एवढाच फरक. म्हणजे तुमची नळी उठावापेक्षा चांगली अर्धशतकाने जुनी आहे. हाच आकडा शके असता तर अठ्ठ्याहत्तर मिळवून १९३५ साल आले असते आणि गंमत झाली असती. जुन्या हत्यारावरचा आकडा इसवी सनाचाच असणार, असे आपण शाळेतल्या सवयीने धरून चालतो. टिपू सुलतानाच्या कारखान्यातल्या बंदुकांवर तर मौलूदी सन असतो आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात.

‘सं’ नसता तर मी सालाची खात्री दिली नसती. संस्थानांच्या सिलेखान्यांत हत्यारांवर ठिपके ठोकून अनुक्रमांक घालायची पद्धत होती. बिकानेरच्या सिलेखान्याचे असे देवनागरी आकडे प्रसिद्ध आहेत. नुसता आकडा दिसला की तो क्रमांक की साल, हा प्रश्न उरतोच.

बंदूक तोड्याची आहे. जळती वात धरणारा चिमटा दस्त्याच्या खाचेतून वर येतो, ही आपल्याकडची धाटणी. पण नुसत्या धाटणीवरून वय सांगता येत नाही, कारण विलायतेत गारेच्या ठिणगीवर उडणारी आणि पुढे स्फोटक टोपीवर उडणारी बंदूक आली तरी आपले लोहार एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच पुढपर्यंत तोड्याच्याच बंदुका घडवत होते. दस्ता मला नळीइतका जुना वाटत नाही. लाकूड फुटते, कीड लागते, सुतार नवे बसवतो. बंदुकीला एक वय नसतेच. नळीचे वेगळे, कळीचे वेगळे, लाकडाचे वेगळे.

तात्या टोपे यांच्या फौजेत ती होती का? १८०० सालची नळी १८५७ मध्ये कुणाच्या तरी खांद्यावर असणे सहज शक्य आहे. पुरावा मात्र लोखंडावर नाही. तो घरातल्या कागदांत शोधा.

शंका : आमच्या बंदुकीवर मुकुट आणि ‘टॉवर’ ही इंग्रजी अक्षरे आहेत. ही कंपनी कुठली? (सिंधुदुर्ग)

समाधान : ती कंपनी नव्हे. लंडनच्या टॉवर किल्ल्यात इंग्रज सरकारचे शस्त्रागार होते, त्याचा तो शिक्का. घोड्याच्या बाजूच्या पोलादी पट्टीवर १७६४ नंतर कारागिराचे नाव आणि साल घालणे बंद झाले आणि ‘टॉवर’ राहिले, म्हणून गारेच्या बंदुकीवर साल शोधत बसू नका. मुकुटाखालची अक्षरे पाहा. जी आर म्हणजे जॉर्ज, १८३० पर्यंतचे राजे; व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ पासून. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या बंदुकांवर टॉवर नसतो. त्यांच्यावर बदामाच्या आकाराचा शिक्का असे आणि १८०८ पासून त्याची जागा मागच्या पायांवर उभ्या सिंहाने घेतली.

आता टेप घ्या. नळी एकोणचाळीस इंच आणि तोंडाचा व्यास एकोणीस मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ती नेपोलियनशी झालेल्या लढायांच्या काळातली ‘इंडिया पॅटर्न’ असू शकते. तुमच्या फोटोत टोपी फोडणारा घोडा आहे, पण पट्टीवर बुजवलेली दोन-तीन भोके दिसतात. रंजकाची, म्हणजे पेटवायच्या दारूची वाटी आणि गार आपटायची पोलादी झडप तिथे होती, ती काढून टाकली आहे. म्हणजे जन्माने गारेची, नंतर टोपीवर आणलेली. टोप्या सर्रास झाल्या त्या १८२० नंतरच्या काळात, इंग्रज फौजेत १८४० च्या सुमारास. तुमच्या बंदुकीतला बदल त्यानंतरचा.

एक सावधगिरी. टॉवरची पत इतकी होती की आपल्याकडचे कारागीर ही अक्षरेही कोरत. इंग्रजी न येणाऱ्याच्या हातचे कोरीव काम लगेच कळते : अक्षरे वाकडी, एखादे उलटे, मुकुट एखाद्या भांड्यासारखा.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या कोकणातल्या बंदुका पाहायच्या असतील तर पट्टी सोडा, नळी लाकडातून सोडवून तिच्या बुडाशी पाहा. लंबवर्तुळात ई एल जी आणि तारा असेल तर ती बेल्जियमच्या लीएज शहरात चाचणी झालेली; वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. मुकुटासह एकमेकांत आडवे राजदंड असतील तर बहुधा बर्मिंगहॅमची आणि १८१३ नंतरची. शेजारी ‘१२’ दिसले तर ते साल नव्हे, वजनही नव्हे : नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतात, एवढाच त्याचा अर्थ.

शंका : वडील गेल्यावर माडीवर बंदूक सापडली. परवाना सापडत नाही. पितांबरीने घासून मुलाकडे अमेरिकेला पाठवावी असा विचार आहे. (पुणे)

समाधान : दोन्ही गोष्टी थांबवा. ठासणीची झाली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याने ती बंदूकच आहे. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुनाट हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते ठरवायचे तुम्ही नव्हे. पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि पितांबरी, चिंच, राख, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका. नळी जी साक्ष देते ती त्या शिक्क्यांच्या अर्ध्या मिलिमीटर खोलीत असते. एकदा घासली की मलाही काही सांगता येणार नाही. मऊ फडके आणि थोडे मशीनचे तेल पुरे.

पुढच्या पत्रासोबत पट्टीचा, नळीच्या बुडाचा आणि तोंडाचा असे तीन फोटो पाठवा, तेही सकाळच्या तिरक्या उन्हात काढलेले.