बर्टनसाहेबांचा कुकर

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मेसमध्ये भेटून सांगा, चहा पाजीन.

गेल्या सेमिस्टरच्या व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "थर्मल क्रॅकिंगमध्ये तेल तापवलं की रेणू तुटतात. मग दाब कशाला हवा?" माझ्या फाईलमध्ये आकृती होती, तापमान होतं, दाबाचा आकडाही होता. कारण मात्र नव्हतं. मी गप्प. सर हसून "नेक्स्ट" म्हणाले. ते "नेक्स्ट" इतकं लागलं, की सुट्टीत मी त्या प्रश्नाच्या मागेच लागले आणि मला विल्यम बर्टन सापडले.

बर्टन यांचा जन्म 1865 साली अमेरिकेत क्लीव्हलंडला झाला. 1889 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि ते थेट रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये नोकरीला लागले. तेलाच्या धंद्यात तेव्हा पीएच.डी.वाला माणूस म्हणजे नवलच! शिकागोजवळ मिशिगन सरोवराच्या काठी व्हायटिंग इथे कंपनीची नवी रिफायनरी होती. तिथे एका जुन्या शेतघरात त्यांची प्रयोगशाळा. पहिलं काम गंधकाचं होतं. ओहायोतल्या लिमा भागातलं कच्चं तेल गंधकामुळे इतकं घाण वासाचं, की त्याचं रॉकेल कोणी घरात घेईना. हर्मन फ्राश यांनी कॉपर ऑक्साइड वापरून त्यावर उपाय काढला होता, तो कारखान्यात बसवायचा होता.

त्या काळी रॉकेल हाच खरा माल होता. पेट्रोल म्हणजे नको असलेलं पाहुणं! मग विजेचे दिवे आले, 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि सगळं उलटं झालं. साध्या ऊर्ध्वपातनाने कच्च्या तेलातून फार तर पाचवा हिस्सा पेट्रोल मिळायचं. बर्टन तोवर प्रयोगशाळेतून वर चढत व्यवस्थापनात पोचले होते. गाड्या अशाच वाढल्या तर पेट्रोल पुरणार नाही, हे ओळखून 1909 च्या सुमारास त्यांनी रॉबर्ट हम्फ्रीज वगैरे सहकाऱ्यांना कामाला लावलं. उरलेलं जड तेल तोडायचं. ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून पाहिलं, पण ते परवडेना.

आता माझा व्हायव्हाचा प्रश्न. जड तेल उघड्यावर तापवलं तर त्यातला बराचसा भाग तुटण्याआधीच वाफ होऊन पळून जातो. तुटायला साधारण 400 अंश सेल्सिअस लागतं, आणि तेल तर तिथपर्यंत थांबतच नाही. म्हणून कोंडायचं. आईच्या कुकरमध्ये पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं ना, तसंच इथे! दाबाखाली तेलाचा उत्कलनबिंदू वर सरकतो, ते भांड्यातच राहतं आणि शेवटी तुटतं. बर्टन यांची युक्ती अशी, की त्यांनी व्हॉल्व्ह कंडेन्सरच्या पुढे बसवला. म्हणजे वाफ थंड होऊन पेट्रोल बनेपर्यंत सगळी यंत्रणा दाबाखालीच. बाहेरून पंप नको, तेलाची स्वतःची वाफच दाब धरते. किती साधं! (सर, वाचताय ना?)

सांगायला साधं, करायला भयानक. दर चौरस इंचाला 75 पौंडांच्या आसपास दाब, खाली भट्टी आणि टाकी रिव्हेट मारलेल्या पत्र्यांची, कारण तेव्हाच्या वेल्डिंगवर एवढा भरवसा नव्हता. रिव्हेटमधून गळती व्हायची. बॉयलरवाले कामगार तापलेल्या टाकीजवळ जायला तयार नव्हते, तेव्हा ही पीएच.डी. मंडळी स्वतः जाऊन फटी ठोकून बुजवायची. मला हे वाचून कौतुकही वाटलं आणि रागही आला. कामगार नाही म्हणाले ते शहाणपणाचंच होतं.

बर्टन यांनी न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीकडे 100 टाक्यांसाठी 10 लाख डॉलर मागितले. साफ नकार! सगळं इंडियाना राज्य उडवून सरोवरात पाडतील, अशी त्यांची थट्टा झाली म्हणतात. पण 1911 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. इंडियानाची कंपनी स्वतंत्र झाली आणि तिच्या संचालकांनी लगेच होकार दिला. जानेवारी 1913 मध्ये पेटंट मिळालं, त्याच वर्षी टाक्या सुरू झाल्या आणि पेट्रोल जवळजवळ दुप्पट निघू लागलं. ते पिवळसर होतं, वासही मारायचं, म्हणून 'मोटर स्पिरिट' नावाने खपवलं. बाकीच्या कंपन्यांनी रॉयल्टी भरून पद्धत घेतली.

त्रास संपला नव्हता. तळाशी कोळशासारखा कोक जमायचा. प्रत्येक घाण्यानंतर भट्टी विझवायची, टाकी थंड करायची आणि माणसांनी आत उतरून तो खरवडायचा. हम्फ्रीज यांनी आत खोटा तळ बसवून हे काम बरंच सोपं केलं. मूळ पेटंटवर मात्र नाव एकट्या बर्टन यांचं. ग्रुप प्रोजेक्ट करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको!

1918 ते 1927 बर्टन इंडियाना कंपनीचे अध्यक्ष होते. 1954 मध्ये ते वारले. त्याच वर्षी आपल्या मुंबईत तुर्भ्याला स्टॅनव्हॅकची रिफायनरी सुरू झाली. स्टॅनव्हॅकच्या दोन्ही मालक कंपन्या 1911 च्या त्याच फुटीतून निघालेल्या.