स्वयंविक्री यंत्राचा जोडधंदा : अल्प भांडवल व पहिल्या जागेची पारख

राणीसावरगांव व आसपासच्या गांवांतील कित्येक सभासदांनीं अलीकडे आमच्याकडे एकच विचारणा केली आहे. घरांत शिकलेला मुलगा आहे. सोयाबीन व कापूस विकून आलेले चार पैसे गांठीस आहेत. नाणें टाकून अथवा मोबाईलनें पैसे देऊन जिन्नस घ्यावयाचें जें यंत्र शहरांत दिसतें, तें घेतलें तर जोडधंदा चालेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. धंदा खोटा नव्हे. परंतु त्यांत बुडणारेही पुष्कळ असतात, आणि ते बहुधा यंत्राच्या दोषानें न बुडतां जागेच्या निवडीनें बुडतात. सबब हें यंत्र काय करूं शकतें, खर्च किती येतो, जागा कशी पारखावी व जागेच्या मालकापुढें मागणी कशी मांडावी, ह्यांचा येथें क्रमानें विचार करूं.

यंत्राचा पूर्ववृत्तांत

ही कल्पना नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरन ह्या विद्वानानें देवळांत ठेवावयाच्या एका उपकरणाचें वर्णन केलें आहे. त्यांत नाणें टाकिलें म्हणजे नाण्याच्या भारानें आंतील दांडी कलते, झडप उघडते व ठराविक तीर्थ बाहेर येतें. लंडन येथें १८८३ सालीं पर्सिव्हल एव्हरिट ह्यानें पोस्टकार्डें विकणारें यंत्र आणिलें, तेव्हांपासून ह्या व्यापारास आधुनिक रूप आलें. आपल्याकडे रेल्वे स्थानकावरील वजनाचें यंत्र व त्यांतून भविष्यासह निघणारें तिकीट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. दिल्लींत १९७४ सालीं मदर डेअरीची स्थापना झाली. तिच्या केंद्रांवर बिल्ला टाकून सुटें दूध घेण्याची सोय होती. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून सुट्या नाण्यांची अडचण पुष्कळ कमी झाली, आणि लहान धंदेवाल्यासही हें यंत्र आटोक्यांत आलें.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा अनुभव ह्या ठिकाणीं विशेष बोधप्रद आहे. तेथें २००७ सालीं तिकिटें देणारीं स्वयंचलित यंत्रें बसविण्यांत आलीं. पुढें यंत्रापाशीं उभें राहून उतारूंस तिकीट काढून देणारे मदतनीस नेमावे लागले व त्यांस त्याबद्दल मोबदला देण्यांत आला. यंत्र माणसाचे श्रम वांचवितें, माणसाची गरज संपवीत नाहीं, हा त्यांतील धडा आहे. तें गिऱ्हाइकास हांक मारीत नाहीं, उधारी देत नाहीं, नासलेला माल बाजूस काढीत नाहीं. हीं कामें मालकाकडेच राहतात.

यंत्र कोठें उपयोगी पडतें

ह्या धंद्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल : जेथें माणसें आहेत परंतु दुकान नाहीं, किंवा दुकान आहे परंतु गरजेच्या वेळीं तें बंद असतें, तेथेंच यंत्र चालतें. दुकानदार हंसून बोलतो, अर्धा पाव मोजून देतो, ओळखीवर उधार देतो. ह्या तिन्ही बाबतींत यंत्र त्याच्या पासंगासही पुरत नाहीं. त्याचा गुण एवढाच कीं, रात्रीं दोन वाजतांही तें जागें असतें.

ह्या दृष्टीनें राणीसावरगांवाचा विचार करूं. येथें रेणुकादेवीचें देवस्थान आहे व नवरात्रांत भाविकांची गर्दी लोटते. ती पाहून पहिलें यंत्र देवळाच्या वाटेवर ठेवावें असें कोणासही वाटेल. परंतु नवरात्र नऊ दिवसांचें आणि वर्ष ३६५ दिवसांचें. शिवाय यात्रेंत जागोजागीं दुकानें थाटलेलीं असतात, आणि यंत्रापुढें एका वेळीं एकच गिऱ्हाईक उभें राहूं शकतें. एका विक्रीस अर्धा मिनिट धरिला तरी तासास १२० विक्रींपलीकडे तें जात नाहीं, आणि तेवढी विक्री झालीच तर माल दोन-तीन तासांत संपून तें रिकामें उभें राहतें. यात्रेसाठीं पाटी व ताडपत्री बरी. यंत्रास रोजची, संथ व खात्रीची वर्दळ पाहिजे.

अशी वर्दळ गांवापेक्षां गंगाखेड व परभणी येथें मिळण्याचा संभव अधिक. जेथें रोग्यांचे नातेवाईक रात्र काढतात तीं खासगी रुग्णालयें, अभ्यासिका, विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें, पाळ्यांनीं चालणारे कारखाने, बाजार समितीचें आवार, हीं विचारांत घेण्याजोगीं स्थळें होत. म्हणून आमचें मत असें कीं, माल राणीसावरगांवीं तयार व्हावा आणि यंत्र शहरांत असावें. रेल्वे स्थानक व एस.टी.चें बसस्थानक हीं स्थळें मोहक खरीं, परंतु तेथील जागा निविदेनें दिली जाते. अनामत भरून बड्या ठेकेदारांशीं चढाओढ करणें नवशिक्याचें काम नव्हे. पहिली जागा अशी असावी कीं, तिचा निर्णय एका मालकाच्या हातीं आहे व आपण त्यास समक्ष भेटूं शकतों.

शाळेच्या बाबतींत मात्र सावध राहावें. २०२० च्या अन्न सुरक्षा विनियमांप्रमाणें अधिक स्निग्धांश, मीठ अथवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत व आवारापासून ५० मीटरांच्या आंत विकण्यास मनाई आहे.

मालाची निवड

पुष्कळ यंत्रांत तारेचें मळसूत्र असतें. त्याच्या प्रत्येक दोन वेढ्यांमध्यें एक पुडी बसते, आणि मळसूत्र एक फेरा फिरलें म्हणजे पुढची पुडी खालीं पडते. पुडी फार पातळ किंवा फार हलकी असली तर ती तेथेंच अडकते. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि त्याबरोबर धंद्याची पतही जाते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं आपल्या मालाच्या पुड्या विक्रेत्याकडे नेऊन, प्रत्येक पुडी वीस-पंचवीस वेळां पाडून पाहावी.

अल्प भांडवलाच्या मनुष्यानें प्रथम शीतयंत्र नसलेलें साधें यंत्र घ्यावें. थंड पेयांत विक्री अधिक हें खरें. परंतु वीज, दुरुस्ती व वीज गेल्यावर माल तापण्याची भीति हीं सर्व त्याबरोबर येतात. दुधाचा मोह तर आरंभीं मुळींच धरूं नये. दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद तापवून लागलीच थंड करणें व तें विक्रीपर्यंत सतत थंड ठेवणें, ही सांखळी एका ठिकाणीं तुटली तरी सर्व माल फुकट जातो.

भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिवडा असे जिन्नस गांवांतील महिला बचत गटाकडून घेतां येतील. गुळाची चिक्की उत्तम खपते, परंतु वैशाखांत ती मऊ पडते व पावसाळ्यांत हवेंतील ओल शोषून चिकट होते. तिचा हंगाम थंडीचा. न नासणाऱ्या जिन्नसांत कापडी पिशवीचा विचार अवश्य करावा. तामिळनाडू सरकारनें २०२२ सालीं चेन्नईच्या कोयंबेडू बाजारांत दहा रुपयांत पिवळी कापडी पिशवी देणारें यंत्र बसविलें. महाराष्ट्रांत २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. भाजीबाजाराच्या तोंडाशीं असें यंत्र आपल्याकडेही ठेवून पाहण्यासारखें आहे.

खाद्य विकावयाचें तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालीं नोंदणी पाहिजे. पुडीवर जिन्नसाचें नांव, वजन, तयार केल्याची तारीख, बनविणाराचा पत्ता, नोंदणी क्रमांक व सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असावी. छापील किमतीपेक्षां एक रुपयाही अधिक घेणें हा अपराध आहे. तेव्हां जागेचें भाडें व वीज हीं दर वाढवून भरून काढतां येत नाहींत. तीं खरेदी व छापील किंमत ह्यांच्या अंतरांतूनच निघालीं पाहिजेत.

जमाखर्चाचा नमुना

पुढील आंकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं कल्पिलेले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपले आंकडे घालावेत.

यंत्र, वाहतूक व पहिला माल मिळून १,५०,००० रुपये लागले असें धरूं. वीज महिना १,५०० रुपये, माल भरण्यासाठीं आठ खेपा प्रत्येकीं १०० रुपयांप्रमाणें ८०० रुपये व दुरुस्तीसाठीं बाजूस ५०० रुपये. मिळून महिन्याचा बांधील खर्च २,८०० रुपये. जिन्नस सरासरी १४ रुपयांस पडतो व २० रुपयांस विकला जातो. जागेच्या मालकास विक्रीचा दहावा हिस्सा, म्हणजे नगामागें २ रुपये दिले, तर आपल्या हातीं ४ रुपये राहतात.

ह्यावरून बांधील खर्च निघण्यासच महिन्यास ७०० नग, म्हणजे रोज सुमारें २४ नग, खपले पाहिजेत. रोज ४० नग खपले तर महिन्यास १,२०० नगांचे ४,८०० रुपये येतात व खर्च वजा जातां २,००० उरतात. ह्या वेगानें भांडवल फिटण्यास ७५ महिने, म्हणजे सव्वासहा वर्षें, लागतील. तेंच भांडवल अडीच वर्षांत मोकळें करावयाचें असेल तर महिन्यास ५,००० रुपये उरले पाहिजेत, आणि त्यासाठीं रोज ६५ नगांचा खप हवा. ह्या हिशेबांत कर्जाचें व्याज, नासलेला माल व मुलाची मजुरी धरलेली नाहीं, हें विसरूं नये.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगावयाची आहे. ह्या धंद्यासाठीं सातबारा गहाण टाकूं नये. पावसानें एक हंगाम नेला तर जमीन पुढच्या हंगामीं पुन्हां पिकते. परंतु चुकीच्या जागीं ठेवलेलें यंत्र दुसऱ्या वर्षीं आपोआप पिकत नाहीं, कर्जाचा हप्ता मात्र दरमहा दारीं येतो. जो पैसा सर्वस्वीं बुडाला तरी पेरणी, आजारपण व मुलींचें शिक्षण अडणार नाहीं, तेवढाच येथें घालावा.

'यंत्र घ्या, जागा आम्ही देऊं, अमुक इतकी मिळकत खात्रीची' असें सांगणाऱ्या विक्रेत्यापासून तर दूरच राहावें. अमेरिकेंत ह्या प्रकारें इतकी फसवणूक झाली कीं, मिळकतीचा दावा करणाऱ्या विक्रेत्यानें करारापूर्वीं निदान सात दिवस लेखी माहिती दिलीच पाहिजे, असा नियम तेथील संघीय व्यापार आयोगास करावा लागला. त्याचें सुधारलेलें रूप २०१२ पासून अमलांत आहे. खरोखरच चांगली जागा हातीं असती तर विक्रेत्यानें तेथें स्वतःचेंच यंत्र ठेविलें असतें.

जागेची पारख

बी पेरण्यापूर्वीं उगवण तपासतात, त्याप्रमाणें यंत्र घेण्यापूर्वीं जागा तपासावी. एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस व एक सुटीचा दिवस, असे तीन दिवस मुलानें त्या जागीं बसावें. एका खिशांत शेंगदाणे घ्यावेत व प्रत्येक मनुष्यामागें एक दाणा दुसऱ्या खिशांत टाकावा. तासातासाचा आंकडा वहींत लिहावा. किती माणसें गेलीं ह्यापेक्षां किती थांबलीं हें महत्त्वाचें. घाईनें जाणारे शंभर लोक व वाट पाहत बसलेले वीस लोक ह्यांत दुसरे आपले गिऱ्हाईक होत. शंभर पावलांच्या आंत कोणतीं दुकानें आहेत व तीं केव्हां मिटतात, हेंही लिहावें.

त्यानंतर मालकाची परवानगी घेऊन आठ दिवस त्याच जागीं तोच माल पाटींत मांडून, छापील किमतीनेंच विकावा. ह्यास खर्च पाटीचा व श्रमाचा. माणूस बसला असतां पाटीवर रोज वीस नग खपत नसतील, तर तेथें यंत्रावर पासष्ट खपतील ही आशा व्यर्थ आहे. आणि चांगले खपले, तर ती आठ दिवसांची वही हीच जागा मागण्याची सर्वांत मोठी शिफारस होय.

मागणी कशी मांडावी

मालकाकडे गर्दीच्या वेळीं जाऊं नये. वेळ मागून घेऊन जावें. 'मला धंदा करावयाचा आहे, जागा द्या' असें म्हणूं नये, कारण आपली गरज ही त्याची गरज नव्हे. रुग्णालयाच्या डॉक्टरांस असें सांगावें : 'आपल्याकडे रात्रीं रोग्यांचे नातेवाईक असतात. दहानंतर जवळ कांहीं मिळत नाहीं. आठ दिवस पाटी मांडली, त्याचा हा हिशेब. ही सोय आपल्या आवारांत आम्ही करूं. आपणांस कांहीं खर्च नाहीं.'

नंतर एका पानावर पुढील गोष्टी लिहून द्याव्यात. आपण मागतों तें एवढें : तीन फूट लांब-रुंद सावलीची जागा, मातीजोडणीसह विजेचें एक बटन, व रात्रीचा दिवा. आपण देतों तें असें : विक्रीचा ठरलेला हिस्सा दरमहा ठराविक तारखेस, विजेसाठीं वेगळा उपमीटर व त्याचें बिल, आठवड्यांतून दोनदां सफाई, आणि यंत्रावर आपला दूरध्वनी क्रमांक, म्हणजे पैसे अडकल्यास त्याच दिवशीं परत. शेवटीं, तीन महिन्यांची परीक्षामुदत. न पटल्यास सात दिवसांत यंत्र आपल्या खर्चानें हलवूं, हें वचन. ह्या शेवटच्या अटीनें मालकाची निम्मी शंका दूर होते. ठराविक भाडें मात्र आरंभीं कबूल करूं नये. खप नसलेल्या महिन्यांत तेंच गळ्यास लागतें.

पहिल्या तीन ठिकाणीं नकार मिळाला तर खचूं नये. नकाराचें कारण विचारून वहींत लिहावें. पहिलें यंत्र सहा महिने हिशेबानें चालल्यावांचून दुसरें घेऊं नये. ज्या सभासदांच्या मुलांनीं तीन दिवसांची मोजणी व आठ दिवसांची पाटी पुरी केली असेल, त्यांनीं ती वही संघाच्या मासिक सभेंत आणावी. आंकडे एकत्र ताडून पाहिले म्हणजे कोणती जागा घ्यावी, आणि कोणती सोडून देण्यांतच शहाणपण आहे, हें सर्वांस पैसा न घालवितां कळेल.