आधी छप्पर, मग चाके



कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, गाडी घेऊ. आई म्हणते, आधी घर बांधू. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. म्हणूनच हा प्रश्न शांतपणे तपासून पाहू.

कोणतीही वस्तू कशासाठी आहे, हे आधी विचारावे, असे ॲरिस्टॉटल शिकवतो. घर निवाऱ्यासाठी असते, गाडी ये-जा करण्यासाठी. ज्या गाडीवर पोट चालते, ती कुटुंबाचे साधनच आहे. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतलेली गाडी दारात उभी राहते आणि हप्ता मात्र धावत असतो.

हिशेब पाहा. आठ लाखांचे गाडीचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,००० रुपये पडतो. एकूण फेड जवळजवळ ११ लाख होते आणि तोवर गाडीची किंमत बरीच उतरलेली असते. तेवढेच कर्ज घरासाठी साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ७,००० रुपये येतो. यात एकूण व्याज जास्त जाते, हे खरे. पण शेवटी मुलांच्या डोक्यावर छप्पर उरते. आणि दोन्ही कर्जांत एक गोष्ट सारखीच: पाऊस चुकला तरी हप्ता चुकत नाही.

गावाकडील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातील घरकुलासाठी १,२०,००० रुपयांचे साहाय्य ठरले आहे. दुचाकीची अट २०२४ मध्ये शिथिल झाली. पण दारात तीनचाकी किंवा चारचाकी मोटार असेल, तर कुटुंब अपात्र ठरते. म्हणजे हौसेने घेतलेली जुनी गाडीसुद्धा घरकुल घालवू शकते.

मोठ्या शहरांतील श्रीमंतीची बातमी आपल्यापर्यंत लवकर पोहोचते. २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) लोकांनी एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, याची देशभर चर्चा झाली. तिथे घेणारे उद्योजक आणि डॉक्टर होते. त्यांची ऐपत आपल्या हिशेबात धरून चालत नाही.

याउलट दुसरी गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीने पोप फ्रान्सिस यांना एक शर्यतीची वाटावी अशी मोटार भेट दिली. पोप महोदयांनी ती ठेवून घेतली नाही. मे २०१८ मध्ये तिचा लिलाव होऊन सात लाखांहून अधिक युरो मिळाले. इराकमधील निनवे मैदानातून २०१४ मध्ये हाकलले गेलेले ख्रिस्ती बांधव परत आपल्या गावी राहू शकावेत, हा त्या पैशाचा एक मुख्य उद्देश होता. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांच्यापुढे मोटारीचा मोह टिकला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) प्रभू येशू सांगतो, की बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. या आठवड्यात आपणही कुटुंबासह बसू या आणि तीन प्रश्न विचारू या:

१. ही वस्तू आपल्या गरजेची आहे की लोकांना दाखवण्याची?
२. एक पीक बुडाले तर हप्ता कोठून भरणार?
३. घरातील म्हाताऱ्या माणसांचे आणि लेकरांचे छप्पर गळत तर नाही ना?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर शोरूम थोडे थांबू शकते.