खंड्या आणि छोटा खंड्या : एकाच कुळाचे दोन मार्ग

‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि स्वतः पाहा’, हे धम्माचे एक लक्षण आहे. निसर्गाच्या अभ्यासालाही हाच नियम लागू पडतो. म्हणून आपल्या खानदेशातील दोन पक्ष्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

खंड्या आणि छोटा खंड्या हे दोघेही धीवर कुळातील पक्षी. लांब, टोकदार चोच, आखूड पाय, पाठीवर निळी झळाळी आणि मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून घरटे करण्याची रीत, ही दोघांची समान लक्षणे होत. तरीही ते ओळखणे कठीण नाही. खंड्या सुमारे २८ सेंटिमीटर लांब असतो. त्याचे डोके व पोट तपकिरी, गळा व छाती पांढरीशुभ्र आणि चोच लाल असते. छोटा खंड्या जेमतेम १७ सेंटिमीटरचा, म्हणजे चिमणीहून थोडाच मोठा. त्याचे पोट नारिंगी-तांबूस असते. नराची चोच काळी, तर मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबडा असतो.

खरा भेद मात्र आहारात आहे. खंड्या मासे खातो, तसेच नाकतोडे, सरडे, बेडूक, खेकडे आणि प्रसंगी उंदीरही खातो. त्यामुळे पाण्यापासून दूर, शेतातील विजेच्या तारेवरही तो दिसतो. कच्च्या विहिरीच्या भिंतीतही घरटे करतो. छोट्या खंड्याची भिस्त मुख्यतः लहान माशांवर आणि पाणकिड्यांवर असते. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून तो खाली नजर लावतो आणि क्षणात सूर मारतो. पाणी गढूळ वा दूषित झाले, की त्याला भक्ष्य दिसत नाही किंवा मिळतच नाही.

उन्हाळ्यात आपल्या बहुतेक नद्यांचे पात्र आटते. त्यात सांडपाणी मिसळले आणि वाळूउपशाने काठ ढासळले, तर खंड्या शेताकडे वळून निभावून नेतो. छोट्या खंड्याला मात्र दुसरा आश्रय नाही. म्हणून तारेवर खंड्या दिसला, एवढ्याने नदी सुखरूप आहे असे समजू नये. गिरणेच्या, पांझरेच्या अथवा तापीच्या डोहावर छोटा खंड्या सूर मारताना दिसतो का, हे पाहावे.

प्राणिमात्रांविषयी मैत्रीभाव हा आपल्या शीलाचा भाग आहे. पक्ष्याला न मारणे ही त्याची पहिली पायरी. त्याची दरड आणि त्याचे पाणी राखणे ही पुढची. पालकांनी सुट्टीत मुलांना नदीकाठी न्यावे, दुरूनच निरीक्षण करू द्यावे आणि जे दिसले, तेवढेच वहीत लिहायला सांगावे.