जुना पेट्रोल पंप मूळ रूपात उभा करताना

या पानाच्या वाचकांत सुतार आहेत, पत्र्याचे काम करणारे आहेत, गवंडी, रंगारी आणि पाट्या रंगविणारे पेंटरही आहेत. या सर्वांचे हुन्नर एकाच जागी लागतात असे एक काम अमेरिकेत गेली काही दशके चालू आहे. ते म्हणजे बंद पडलेले जुने पेट्रोल पंप त्यांच्या मूळ रूपात पुन्हा उभे करणे. तेथे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात आणि पंपाला ‘गॅस स्टेशन’. वरकरणी हा हौशी आणि पैसेवाल्या लोकांचा खेळ वाटेल. परंतु त्यामागची शिस्त पाहिली तर जुनी वस्तू दुरुस्त करून पोट भरणाऱ्या प्रत्येक कारागिराला त्यात शिकण्यासारखे बरेच आहे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

शिकागोपासून लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकापर्यंत ‘रूट ६६’ नावाचा महामार्ग होता. १९२६ मध्ये त्याला हा क्रमांक मिळाला. लांबी सुमारे ३,९०० किलोमीटर. पुढे रुंद, नवे रस्ते झाले, वाहतूक तिकडे वळली आणि १९८५ मध्ये हा क्रमांक सरकारी यादीतून काढण्यात आला. रस्त्यावरच्या गावांचा धंदा बसला. पंप, खानावळी, मुक्कामाची ठिकाणे ओस पडली. १९९९ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून या मार्गावरच्या जुन्या इमारती वाचविण्यासाठी मदतीची योजना सुरू केली.

इलिनॉय राज्यातील ड्वाइट या गावचा पंप हे या कामाचे चांगले उदाहरण आहे. १९३३ साली तो बांधला गेला. तेथे प्रथम टेक्साको कंपनीचे पेट्रोल विकले जाई. १९९९ पर्यंत, म्हणजे ६६ वर्षे तेथे पेट्रोल विकले गेले. इमारत लहानशीच, लाकडी फळ्यांची, एखाद्या घरासारखी. त्या काळी वस्तीत पंप आला की शेजारी कुरकुर करीत, म्हणून कंपन्या मुद्दाम घरासारखे पंप बांधीत. पुढे १९४० नंतर लगेच त्याला मोटार दुरुस्तीची खोली जोडण्यात आली. नंतर पंप ग्रामपालिकेकडे आला आणि जीर्णोद्धाराचे काम २००७ मध्ये पुरे झाले. त्यासाठी सरकारी योजनेतून सुमारे १०,००० डॉलर मिळाले, तेही गावाने तितकीच भर घालावी या अटीवर. आज तेथे पेट्रोल मिळत नाही, प्रवाशांना माहिती मिळते.

आता यातील खरी गोष्ट पाहा. काम सुरू करण्यापूर्वी प्रश्न आला की इमारत ‘जुनी’ करायची म्हणजे कोणत्या सालाची करायची? १९३३ ची करावी तर दुरुस्तीची खोली पाडावी लागेल. १९७० ची करावी तर मूळ रूप दिसणार नाही. ठरले असे की कचेरी आणि पुढची पडवी १९३० च्या दशकातील ठेवावी आणि दुरुस्तीची खोली १९४० च्या दशकातील, कारण ती त्याच दशकात जन्मली. आमच्या मते हा निर्णय अत्यंत योग्य होता. मागाहून जोडलेली प्रत्येक गोष्ट खोटी नसते. साठ वर्षे जिने काम केले, तिचाही इमारतीवर हक्क असतो. त्याच राज्यातील ओडेल गावच्या १९३२ च्या पंपालाही दुरुस्तीची खोली नंतर जोडलेली होती, तीही राखण्यात आली.

साल एकदा ठरले की मग पुढचे सर्व त्याच्या हुकमात चालते, आणि येथेच बहुतेक हौशी मंडळी चुकतात. पेट्रोल सोडणारे यंत्र हे त्याचे उत्तम उदाहरण. १९२० च्या दशकातील पंपाच्या डोक्यावर काचेची उंच टाकी असे, बहुधा १० गॅलनची. (अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर.) माणूस हाताने दांडा हलवून पेट्रोल टाकीत चढवी, काचेवर गॅलनच्या खुणा असत आणि मग नळीने ते आपोआप खाली मोटारीत उतरे. एवढा खटाटोप कशासाठी? ग्राहकाचा विश्वास नव्हता म्हणून! बंद डब्यातून किती माल आला आणि कसला आला हे त्याला दिसत नसे. काच आली आणि माप डोळ्यांसमोर आले. मापात काटा मारणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे हे आपल्या दुकानदार बांधवांना सांगण्याची गरज नाही. सातासमुद्रापलीकडच्या या यंत्राचा इतिहासही त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

त्यानंतर घड्याळासारखी तबकडी आणि काटे असलेले पंप आले. १९३० च्या दशकातच गॅलन आणि रक्कम दोन्ही आकड्यांत दाखविणारे यंत्र निघाले आणि काचेची टाकी मागे पडली. खेड्यापाड्यांत मात्र जुनी यंत्रे पुढे बरीच वर्षे चालू राहिली. तेव्हा १९४० च्या रूपातील पंपासमोर काचेची टाकी उभी करावी की नाही, हे पुस्तक पाहून ठरत नाही. त्या विशिष्ट जागेचा त्या काळचा फोटो पाहूनच ठरते. आकड्यांच्या यंत्रावर भाव लावतानाही तेच. त्या दशकांत गॅलनचा भाव २० सेंटच्या आसपास होता. तेथे आजचा भाव दिसला तर सगळी मेहनत वाया.

रंगाची बाब आम्हा कापडवाल्यांना लवकर समजेल. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम शहरात १९३० साली शेल कंपनीच्या मालाच्या विक्रेत्यांनी चक्क शिंपल्याच्या आकाराचा पंप बांधला. ओले लाकूड वाकवून सांगाडा केला, त्यावर तार आणि वर काँक्रीटचा गिलावा. असे आठ बांधले होते, त्यांतला हा एकच उरला आहे. १९९० च्या दशकात त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा रंगाचे थर एकेक करून काढण्यात आले आणि तळाशी मूळचा पिवळट नारिंगी रंग सापडला. नजरेने अंदाज करून रंग लावला असता तर तो बहुधा चुकला असता.

थर काढण्याची रीत अशी की आडबाजूला नाण्याएवढ्या जागेवर बारीक पॉलिश कागदाने हळूहळू घासत जायचे. झाडाच्या बुंध्यातील वलयांसारखे सर्व थर दिसू लागतात. परंतु तळाचा थर दिसताच त्यावरून रंग घोटायला घेऊ नये. जवसाच्या तेलातील रंग वर्षानुवर्षे अंधारात दडला की पिवळा पडतो. काही दिवस त्याला उजेड दाखवावा, तो बराचसा मूळ छटेवर येतो, मग जुळवावा. जुळवायचा तोही दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन तागे उन्हात नेले की वेगळे दिसतात, हे प्रत्येक कापड दुकानदाराने पाहिलेले आहे. जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा घासताना पाणी मारावे, तोंडावर चांगला मास्क असावा आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

गवंड्यांसाठी थोडे. जुन्या मऊ विटांच्या दर्जा नुसत्या कडक सिमेंटने भरू नयेत. विटेपेक्षा दर्जा कठीण झाली की ओल विटेतूनच बाहेर पडते आणि वीट पापुद्र्याने फुटते. भिंत साफ करण्यासाठी वाळूचा फवारा मारला तर विटेची भाजलेली कातडी निघून जाते, ती परत येत नाही. जुनी काच किंचित लहरी असते, ती शाबूत असेल तर चौकट दुरुस्त करावी आणि काच तीच बसवावी.

जमिनीखालच्या टाक्या हा मात्र कारागिराचा विषय नाही. जुन्या लोखंडी टाक्या गंजून गळत आणि जमीन व विहिरी बिघडत. म्हणून अमेरिकन सरकारने १९८८ मध्ये नियम केले आणि टाक्या सुधारण्यास १९९८ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. तो खर्च न झेपल्याने अनेक लहान पंप बंद झाले. रिकाम्या टाकीतही वाफ असते व ती पेट घेते. तेथे परवानाधारक माणसाशिवाय कोणी हत्यार लावू नये.

आता पाट्यांकडे येऊ, कारण आपला खरा संबंध येथे येतो. जुन्या पंपांच्या पाट्या मिनाकामाच्या असत. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत पूड पसरून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजली जाई. प्रत्येक रंग वेगळा भाजलेला असल्याने अक्षराच्या कडेवर नख फिरविले तर उंचवटा लागतो. टेक्साकोच्या अनेक पाट्यांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत तारीखही असे. अशी अस्सल पाटी महाग, म्हणून तिच्या नकलांचा बाजारही मोठा आहे. आपल्याकडेही बर्मा-शेल, कॅलटेक्स, एसो यांच्या पाट्यांना गिऱ्हाईक आहे. एसोचे काम १९७४ मध्ये आणि बर्मा-शेल व कॅलटेक्सचे १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतले. त्यानंतर त्या पाट्या उतरल्या, म्हणूनच आज त्यांना किंमत आहे.

नक्कल करणे यात आम्हास काही गैर वाटत नाही. ओडेलच्या पंपावरही मूळ पाटीच्या धर्तीवर नवी पाटी लावलेली आहे. तो उघड व्यवहार आहे. गैर आहे ते नव्या पत्र्यावर आम्ल टाकून गंज आणणे, भोकाभोवती हातोडीने टवके काढणे आणि ‘जुन्या गोदामात सापडली’ असे सांगून विकणे. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग आपण मदरशात असताना ऐकलेला आहे. तेथेही विचारणा हीच होती की भिजलेला माल वर, लोकांना दिसेल असा का ठेवला नाही.

ज्या कारागिराच्या हातात चांगली नक्कल करण्याचे कसब आहे त्याने पाटीच्या मागच्या बाजूस आपले नाव आणि बनविल्याचे साल भाजण्यापूर्वीच कोरावे, म्हणजे ते नंतर पुसता येणार नाही. बिलावर ‘नवी, जुन्या नमुन्याप्रमाणे’ असे लिहावे. दुरुस्ती केली असेल तर कोणता भाग मूळचा आणि कोणता बदललेला हेही लिहावे, आणि काढलेला जुना तुकडा, मग तो कुजलेल्या चौकटीचा का असेना, चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली करावा. पुढच्या रंगाऱ्याला किंवा सुताराला माप आणि रंग त्यावरूनच मिळतो.