उतरायचं नाही म्हणजे नाही

हतनूर धरणावर हिवाळ्यात पक्षी बघणं सोपं. पाणी भरलेलं, मोठ्या लालसरींचे थवे मध्यावर, माणूस काठावर. कुणाचा कुणाला त्रास नाही. खरा घोळ उन्हाळ्यात. चांगदेवच्या संगमाकडचं पाणी उतरतं आणि जलाशयात वाळूची, गोट्यांची बेटं डोकं वर काढतात. नदी सुरय, छोटा आर्ली, टिटवी तिथंच उघड्यावर अंडी घालतात, काडीचाही आडोसा नसतो. नेमकी हीच बेटं कॅमेरेवाल्यांना खुणावतात.

अशाच एका सहलीची जबाबदारी माझ्याकडे होती. जळगाव-धुळ्याकडची हौशी मंडळी, दोन होड्या. बेटाला लांबून वळसा घालायचा, पाय कुणी टाकायचा नाही, हे काठावरच ठरलं होतं. होडीवाल्या भोईदादांनीही बजावलं, "तठी उतरू नका भाऊ, अंडे पडेल आहेत." पण पुढची होडी जवळ गेली, सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले आणि एकानं "एकच फोटो" म्हणत उडी टाकली. त्याच्यामागे आणखी दोघं. त्याच्या बुटापासून वीतभरावर तीन अंडी होती. मळकट बदामी, वर तपकिरी डाग, गोट्यांत गोटाच. बोट दाखवलं तरी त्याला ती चटकन दिसेनात.

तुडवली गेली नाहीत म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, वाळू त्याहून तापते. अशा उन्हात हे पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंडी ओली करतात. आपण बेटावर असेपर्यंत ते हवेत, अंडी उन्हात. कावळे टपलेले असतातच. अंडं फुटत नाही, आत शिजतं. त्यामुळे आपण काय करून आलो हे कळतही नाही. नदी सुरय जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. रानपक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसतं, हे तर बऱ्याच पक्षीमित्रांच्या गावीही नसतं.

तेव्हा, सहल नेणार असाल तर परवानगी आधी काढा, आणि ती कागदावर. धरण जलसंपदा विभागाचं असतं. ओळखीच्या चौकीदारानं मान डोलावली ही परवानगी नव्हे. शिरपूरकडच्या अनेरसारखं अभयारण्य असेल तर वनखात्याकडेच जावं लागेल. जो ऐकणार नाही असं वाटतं, त्याला आपल्याच होडीत शेजारी बसवा. असा एक जण प्रत्येक गटात असतो, आणि बहुधा सगळ्यात महागडी लेन्स त्याच्याकडेच असते. लाइफ जॅकेटशिवाय कुणाला चढू देऊ नका, पोहता येतं म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. ऊन चढायच्या आत काठाला या. वारा सुटला की लहान होडीला ते पाणी जड जातं. काठावरच्या गाळावरही भरवसा नको. वरून भेगाळलेला, टणक दिसतो, खाली पाय रुतत जातो.

बेटापासून किती अंतर ठेवायचं, हे मीटरमध्ये विचारू नका. बसलेले पक्षी उठले की तुम्ही फार जवळ आलात. मुकाट्यानं होडी मागे घ्यायची. विणीच्या दिवसांत तर होडीच नको, असं माझं मत होत चाललं आहे. काठावरून दुर्बिणीनं, जमल्यास स्पॉटिंग स्कोपनं, सुरयाचा नर मादीला मासा भरवताना निवांत दिसतो. होडीतून दिसते ती नुसती पळापळ.

घरट्याचा फोटो ग्रुपवर टाकूच नका. एकानं टाकला की पुढच्या रविवारी तिथं चार गाड्या उभ्या राहतात. सुरयाचा उडतानाचा फोटो बघून कुणी जागा विचारलीच, तर ‘जळगाव जिल्हा’ एवढं उत्तर पुरे.