पुराच्या पाण्यातील मोटारबोट

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीतील जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. तेथे धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे, आणि १९७८ च्या महापुरातही पाणी २०७.४९ मीटरवर थांबले होते. काश्मिरी गेट, सिव्हिल लाइन्स, आयटीओ या भागांतील रस्ते पाण्याखाली गेले. नदीकाठच्या सखल जमिनीत झोपड्या बांधून शेती करणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली. त्यांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी बोटी घेऊन उतरले. नॉइडाच्या बाजूला तर गुराढोरांनाही बोटींतून कोरड्या जमिनीवर आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये यमुनेने पुन्हा २०७ मीटरची पातळी ओलांडली.

अशा बोटीच्या मागच्या फळीवर जे इंजिन बसवलेले असते, त्याला आऊटबोर्ड मोटार म्हणतात. वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा अशी त्याची रचना असते. मोटारगाडीचे इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता येते. बोटीला कड नसते. प्रवाहात इंजिन बंद पडताच बोट पाण्याबरोबर वाहू लागते आणि पुलाच्या खांबांकडे किंवा विजेच्या तारांकडे खेचली जाऊ शकते. म्हणून इंजिन थांबले की आधी वल्ही हाती घ्यायची किंवा नांगर टाकायचा. बिघाडाचा शोध त्यानंतर.

मोटार धडपणे चालेनाशी झाली की अननुभवी माणसाचा हात थेट कार्ब्युरेटरकडे जातो. तो खोलला जातो, त्याचे बारीक सुटे भाग बोटीच्या तळाशी सांडतात आणि बहुधा बिघाड भलतीकडेच असतो. जाणकार कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी ऐकतो आणि पाहतो. मोटार सुरूच होत नाही, सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडते, की चालते पण जोर धरत नाही? या तीन तक्रारींची कारणे बहुतेक वेळा वेगवेगळी असतात.

मोटार सुरूच होत नसेल, तर प्रथम चालकाच्या मनगटाला बांधलेली सुरक्षा-दोरी पाहावी. चालक पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावे, यासाठी ती असते. ती बटणापासून निसटली असेल, तर कितीही दोर ओढला तरी उपयोग होत नाही. घाईगर्दीत ही क्षुल्लक गोष्टच सर्वांत आधी विसरली जाते.

सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडणे ही बहुधा इंधनाची तक्रार असते. टाकीच्या झाकणावर हवा आत जाण्यासाठी एक लहानसा स्क्रू असतो. तो आवळलेला राहिला, तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल पुढे सरकेनासे होते. टाकी व इंजिन यांना जोडणाऱ्या नळीत हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. इंजिन अडखळू लागताच तो दाबून पाहावा. त्यासरशी इंजिनाने पुन्हा वेग घेतला, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे हे सिद्ध झाले. फुगा दाबूनही कडक होत नसेल, तर टाकीत पुरेसे पेट्रोल आहे ना आणि नळीच्या एखाद्या सांध्यातून हवा आत येते का, हे पाहावे.

पुरासाठी राखून ठेवलेल्या मोटारीत आणखी एक अडचण उद्भवते. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत साचतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाला पेट्रोल तळाकडूनच मिळत असते. टाकीच्या तळातील थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवल्यास हे दोन थर डोळ्यांना दिसतात. असे पेट्रोल सुधारता येत नाही. ते काढून ताजेच भरावे लागते.

इंधन व्यवस्थित असेल, तर स्पार्क प्लग काढून त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी टोक हे निरोगी इंजिनाचे लक्षण होय. काळे व ओले टोक म्हणजे पेट्रोल किंवा तेल जास्त येते किंवा ठिणगीच पडत नाही. पांढरे टोक म्हणजे इंजिन जास्त तापते किंवा पेट्रोल कमी पडते. दोन सिलिंडरांच्या मोटारीत एक साधी युक्ती कामी येते: दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. बिघाड प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर दोष प्लगचाच.

विचार करा : प्लग बदलूनही बिघाड जागच्या जागी राहिला, तर त्यावरून काय समजते?

इंजिनाचा आवाज चढतो, पण बोट पुढे सरकत नाही, अशा वेळी वर काही शोधू नये, खाली पाहावे. यमुनेच्या पुरात जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कपडे, दोर असे सारे वाहत येते आणि पंख्याभोवती गुंडाळले जाते. इंजिन बंद करून, सुरक्षा-दोरी काढून, मगच पंख्याला हात लावावा. पंखा मोकळा असूनही बोट हलत नसेल, तर पंख्याच्या आतील रबरी भाग निसटला असण्याची शक्यता असते.

गाळाचा त्रास याहून मोठा. २०२३ च्या पुरात आयटीओजवळील बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने असे अडकले, की ते उघडण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. मोटारीत तर बोटाएवढ्या वाटांतून पाणी खेळत असते. खालच्या भागातील रबरी चक्र नदीचे पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवते आणि त्या पाण्याची एक बारीक धार मागून सतत बाहेर पडते. चालकाने अधूनमधून मागे वळून ही धार पाहिली पाहिजे. धार थांबली, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. पाणी आत घेणाऱ्या जाळीवरचा कचरा काढावा आणि धार बाहेर पडण्याचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. तरीही धार आली नाही, तर रबरी चक्राच्या पात्या झिजल्या असे समजावे. हे चक्र कोरडे फिरले तर काही क्षणांतच खराब होते. म्हणून किनाऱ्यावर चाचणी घेतानाही मोटारीचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवूनच ती सुरू करतात.

पूर ओसरल्यावर मोटार स्वच्छ पाण्यात काही मिनिटे चालवून आतील गाळ धुऊन काढावा, पेट्रोलची नळी सोडवून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत ती चालू द्यावी, आणि टाकीतील उरलेले पेट्रोल काढून घ्यावे.